बाबांची बायपास, शिरेतली भूल आणि वाढलेली साखर

पत्र:

डॉक्टर, माझ्या बाबांचं वय ६७. येत्या दहा दिवसांत त्यांची बायपास आहे. बारा वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू आहेत. परवा भूलतज्ज्ञ भेटले. म्हणाले, सगळी भूल शिरेतूनच देणार, गॅस वापरणार नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकांचं असंच ऑपरेशन झालं होतं. त्यांना आयुष्यात कधी मधुमेह नव्हता, पण ऑपरेशनच्या दिवशी साखर २४० वर गेली आणि इन्सुलिनची ड्रिप लावावी लागली. त्यांच्या घरचे म्हणतात, त्या पांढऱ्या भुलीच्या औषधानं शरीर बिघडलं, त्यात तेल असतं. चार रात्री मला झोप नाही. शिरेतली भूल चयापचय बिघडवते का? आम्ही गॅसच्या भुलीचा आग्रह धरावा का? बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना उगाच घोर कशाला, असं वाटतं.
– एक मुलगी

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द तुम्ही जाता जाता लिहून गेलात: डापाग्लिफ्लोझिन. तेलाचं, गॅसचं, काकांच्या साखरेचं सगळं सांगते. पण आधी हे वाचा आणि वाचून झालं की सर्जनच्या किंवा भूलतज्ज्ञांच्या टीमला फोन करा. ही गोळी ऑपरेशनआधी नेमकी कधी थांबवायची, एवढं विचारा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही एकाच घराण्यातली औषधं. साखर लघवीवाटे बाहेर टाकायची, हे यांचं काम. औषधं चांगली आहेत. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा होतो, म्हणून हल्ली मधुमेह नसलेल्या हृदयरोग्यांनाही ती देतात. पण उपास, मोठं ऑपरेशन आणि ही गोळी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की एक वेगळंच संकट उभं राहू शकतं. साखर लघवीतून जातच राहते, वरून उपाशी पोट, आणि ऑपरेशनच्या ताणामुळे इन्सुलिन अपुरं पडतं. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होतं. यातली फसवी गोष्ट अशी की साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतो. मधुमेहाच्या नेहमीच्या कीटोॲसिडोसिसमध्ये साखर चारशे-पाचशे दिसते आणि सगळे सावध होतात. इथे ती १६०-१८० दिसते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हे अधिकच जड जातं. रक्तातलं आम्ल वाढलं की हृदयाचं आकुंचन मंदावतं आणि ते जोमानं चालावं म्हणून दिलेली ॲड्रेनॅलिनसारखी औषधंही नीट लागू पडत नाहीत. शिवाय हार्ट-लंग मशीनवरून (ऑपरेशनपुरतं हृदयाचं आणि फुफ्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रावरून) उतरताना रक्तात थोडं आम्ल अनेकांना असतंच, तेव्हा कारण काय, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढतं ते) की कीटोन, हे शोधण्यात वेळ जातो. भूलतज्ज्ञाला आधीच माहीत असेल की रुग्ण ही गोळी घेत होता, तर तो पहिल्याच शंकेला कीटोन तपासतो. माहीत नसेल, तर बाकीची कारणं धुंडाळत बसतो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकात बदल केला: ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी डापा, एम्पा आणि कॅना किमान ३ दिवस बंद ठेवा, एर्टुग्लिफ्लोझिन किमान ४ दिवस. तुमच्याकडे दहा दिवस आहेत, म्हणजे हातात पुरेसा वेळ आहे. पण गोळी तुमच्या मनानं बंद करू नका. ती थांबवल्यावर साखर वाढली तर त्या दिवसांत काय द्यायचं, मेटफॉर्मिनचं काय करायचं, हे त्याच फोनवर ठरवून घ्या. हृदयाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या तर आपल्या विचारानं मुळीच थांबवू नका. आणि एक गोष्ट तपासाच: पुष्कळदा मेटफॉर्मिन आणि डापा एकाच गोळीत असतात. वर कंपनीनं ठेवलेलं नाव असतं, आतल्या औषधांची नावं बारीक अक्षरांत. ‘फ्लोझिन’नं संपणारा शब्द दिसला की तीच ही.

आता काकांच्या साखरेकडे येऊ.

मी तीसेक वर्षं ऑपरेशन टेबलाच्या डोक्याशी उभी राहिले आहे. त्या जागेवरून काय दिसतं ते सांगते, म्हणजे २४० हा आकडा कुठून आला ते कळेल. रुग्णाच्या मनगटातल्या धमनीत एक बारीक नळी असते. दर अर्ध्या-पाऊण तासानं तिच्यातून थोडं रक्त काढून यंत्रात घालतात आणि दुकानातल्या पावतीसारखी एक अरुंद चिठ्ठी बाहेर येते. ऑक्सिजन, आम्ल, पोटॅशियम, लॅक्टेट, साखर, सगळं तिच्यावर असतं. आम्ही त्या चिठ्ठ्या एकाखाली एक चिकटवत जातो. ऑपरेशन संपेपर्यंत त्यांची माळ होते. साखरेचा रकाना वरून खाली वाचत गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. भूल दिल्यावर, छाती उघडण्याआधी साखर जवळजवळ जागच्या जागी: ११०, ११५. भुलीचं औषध एव्हाना शरीरात पुरतं भिनलेलं असतं, तरी आकडा हललेला नसतो. छातीचं हाड उघडलं की तो थोडा चढतो. हार्ट-लंग मशीन सुरू झालं की आणखी चढतो. आणि शरीर पुन्हा ऊब धरायला लागलं की सगळ्यात वर जातो. मधुमेह नसलेल्यांच्याही चिठ्ठीवर मी २०० च्या पुढचे आकडे पुष्कळदा वाचले आहेत.

म्हणजे साखर चढते ती औषधाबरोबर नाही, जखमेबरोबर आणि मशीनबरोबर.

शरीराला जखम झाली की ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसोल, ग्लुकागॉन हे अंतःस्राव, म्हणजे हार्मोन, वाढतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि नवीही बनवायला लागतं. स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. रुग्ण गाढ झोपलेला असतो, त्याला वेदना जाणवत नाहीत, पण शरीराला जखम कळतेच. त्यात बायपासची आणखी भर. मशीनवर असताना शरीर थंड ठेवतात, कारण दर एक अंश थंडाव्यानं शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण ६-७ टक्क्यांनी कमी होते. पण थंडीत स्वादुपिंडही कमी इन्सुलिन सोडतं. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिननं रक्तातली मुक्त मेदाम्लं वाढतात आणि ती इन्सुलिनच्या कामात आडवी येतात. हृदय थांबवण्यासाठी जे पोटॅशियमयुक्त द्रावण वापरतात, त्याच्या काही प्रकारांत ग्लुकोजही असतं. मशीनवरून उतरताना ॲड्रेनॅलिनची ड्रिप लागली तर तीही साखर वाढवते, आणि लॅक्टेटही. इतक्या गोष्टी एकाच दिशेनं ओढत असताना साखर ११० वर राहिली असती तर मलाच नवल वाटलं असतं.

भुलीचं काम यात उलट दिशेचं आहे. ती या ताणाला लगाम घालते. किती, हा प्रश्न मात्र आमच्या शास्त्रात फार जुना आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत हृदयाच्या ऑपरेशनला मॉर्फिन आणि पुढे फेंटानिल ही जोरदार वेदनाशामकं फार मोठ्या मात्रेत द्यायची पद्धत होती. कल्पना अशी, की वेदनेचा मार्ग इतका घट्ट बंद करायचा की शरीराला ताण कळूच नये. मशीन सुरू होईपर्यंत ते जमायचं, अंतःस्राव शांत राहायचे. मशीन सुरू झालं की मात्र ते वाढायचेच. आणि त्या मोठ्या मात्रेपायी रुग्ण रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत व्हेंटिलेटरवर राहायचा. तेव्हापासून आम्ही एवढं शिकलो की कोणतीही भूल हा ताण पूर्ण पुसू शकत नाही. उरलेली साखर इन्सुलिननं सांभाळायची असते.

म्हणून इन्सुलिनच्या ड्रिपकडे ‘बिघडलं’ म्हणून पाहू नका. मला तर ती लागलेली पाहून बरं वाटतं, कारण कोणीतरी त्या रकान्यावर नजर ठेवून आहे असा तिचा अर्थ असतो. साखर फार चढू दिली तर छातीच्या हाडाच्या जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि तो संसर्ग फार त्रासाचा असतो. दुसरं कारण खुद्द हृदयाचं. निरोगी हृदय आपली साठ-सत्तर टक्के ऊर्जा चरबी जाळून मिळवतं. पण चरबी जाळायला ऑक्सिजन जास्त लागतो. तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये ग्लुकोजपासून जास्त ऊर्जा मिळते. ज्या हृदयाला आत्ताच तासभर रक्ताविना ठेवलं होतं, त्याला ग्लुकोज वापरता येणं सोयीचं, आणि ते पेशींत शिरायला इन्सुलिन हवं. मेक्सिकोचे हृदयतज्ज्ञ सोदी-पायारेस यांनी १९६२ मध्येच हृदयविकाराच्या झटक्यात ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोटॅशियम एकत्र देण्याचा विचार मांडला होता. त्या मिश्रणाचा फायदा किती यावर पुढे बराच वाद झाला आणि ते सरसकट वापरात आलं नाही. पण हृदयाच्या इंधनाचा विचार ऑपरेशनच्या खोलीत आला तो अशाच कामांमुळे.

मग साखर थेट ८०-१०० वर आणून ठेवली तर? हाही प्रयोग झाला आहे. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या आयसीयूत, जिथे बहुतेक रुग्ण हृदयाच्या ऑपरेशनचे होते, साखर ८० ते ११० च्या दरम्यान ठेवल्यावर मृत्यू कमी झाले. जगभर उत्साह पसरला, आम्हीही त्यात होतो. मग २००९ मध्ये ‘नाइस-शुगर’ या सहा हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासानं उलटं दाखवलं: इतकी घट्ट पकड ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले आणि साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग पुष्कळ वाढले. भुलीत हे खाली जाणं फार वाईट. जागा माणूस घामाघूम होतो, थरथरतो, ‘कसंतरी होतंय’ म्हणतो. झोपलेला काहीच सांगू शकत नाही. म्हणून आता साधारण १८० च्या आत ठेवायची, पण फार खाली ओढायची नाही, असं बहुतेक ठिकाणी धोरण असतं. तेव्हा आयसीयूच्या पडद्यावर तुम्हाला १६५ दिसलं तर कोणी हलगर्जीपणा केला असं समजू नका. तो आकडा जाणूनबुजून तिथे ठेवलेला असतो.

त्या काकांनाही एक निरोप द्या. ऑपरेशनच्या दिवशी साखर वाढली म्हणजे मधुमेह जडला असं नाही. बहुतेकांची काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत खाली येते. पण काहींना मधुमेह आधीपासूनच असतो, फक्त कधी तपासलेला नसतो, आणि तो असा अचानक उघडा पडतो. एचबीएवनसी या तपासणीत आधीच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी कळते. ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं असेल तर लगेच केलेली ही तपासणी चुकीचा आकडा दाखवू शकते, म्हणून तीनेक महिन्यांनी करावी. बाबांची मात्र ऑपरेशनआधीच झाली पाहिजे. झालेली नसेल तर त्याच फोनमध्ये विचारा.

आता ते पांढरं औषध. त्याचं नाव प्रोपोफॉल. ते शोधलं इयन ग्लेन नावाच्या स्कॉटिश संशोधकानं, जो शिक्षणानं पशुवैद्य होता. २०१८ मध्ये त्याला या कामासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. प्रोपोफॉल पाण्यात विरघळत नाही. सुरुवातीला ते वेगळ्या द्रावकात दिलं, तर काही रुग्णांना तीव्र ॲलर्जीसारखा त्रास झाला. म्हणून ते परत घेऊन नवं बनवलं: सोयाबीनच्या तेलाचे अगदी बारीक थेंब, ते एकजीव राहावेत म्हणून अंड्यातल्या बलकाचं लेसिथिन, आणि थोडं ग्लिसरॉल. दुधासारखा रंग त्यामुळेच. १९८६ पासून ते वापरात आहे. तेव्हा तेल असतं ही गोष्ट खरी. किती असतं, ते पाहू. दर मिलिलिटरमध्ये ०.१ ग्रॅम चरबी आणि १.१ कॅलरी. समजा तासाला २० मिलिलिटर या वेगानं पाच तास दिलं, तर १०० मिलिलिटर झालं: १० ग्रॅम चरबी, म्हणजे चहाचे दोन चमचे तेल. एवढ्यानं कोणाचं चयापचय बिघडत नाही.

पण तुम्ही भीतीपोटी जे विचारलंत, त्यात सत्याचा एक अंश आहे आणि तो मी झाकणार नाही. प्रोपोफॉल फार मोठ्या मात्रेत, फार काळ चालू राहिलं तर ‘प्रोपोफॉल इन्फ्युजन सिंड्रोम’ नावाची गंभीर अवस्था येऊ शकते. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांत चरबीपासून ऊर्जा बनते, ते कामच औषधामुळे अडतं. रक्तात आम्ल साठतं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढतात, स्नायू तुटायला लागतात, पोटॅशियम चढतं आणि हृदय मंदावतं. १९९२ मध्ये आयसीयूत दीर्घकाळ प्रोपोफॉल दिलेल्या मुलांमध्ये याची पहिली ठळक नोंद झाली. त्यानंतर मोठ्यांतही आढळलं. धोक्याची खूण म्हणून जी रेघ सगळे लक्षात ठेवतात ती अशी: दर किलो वजनामागे तासाला ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि तेही ४८ तासांपेक्षा जास्त. बाबांचं ऑपरेशन काही तासांचं, त्यानंतर झोप चालू ठेवायची ती सहसा आणखी काही तास. ही रेघ त्यांच्यापासून लांब आहे. पुढे काही कारणानं त्यांना दोन-तीन दिवस झोपवून ठेवायची वेळ आलीच, तर तेव्हा विचारा: ‘प्रोपोफॉल किती तास चालू आहे, ट्रायग्लिसराइड आणि लॅक्टेट पाहिलंय का?’ हा प्रश्न कोणत्याही आयसीयूत रास्तच मानला जाईल. अशा वेळी त्या औषधातल्या कॅलरीही आहाराच्या हिशेबात धरतात.

आणखी एक. ‘शिरेतली भूल’ म्हणजे एकच औषध नव्हे. प्रोपोफॉलसोबत फेंटानिलच्या जातीचं वेदनाशामक असतं, स्नायू सैल करणारं औषध असतं, कधी मिडाझोलाम, कधी डेक्समेडेटोमिडीन ही गुंगीची औषधं. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. इटोमिडेट हे अशक्त हृदयाच्या रुग्णांना झोपवताना फार उपयोगी, कारण त्यानं रक्तदाब कोसळत नाही. पण ते अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीत कॉर्टिसोल तयार करणारं एक विकर (एन्झाइम) अडवतं. एका मात्रेनंही कॉर्टिसोल काही तास कमी राहतं. १९८३ मध्ये लक्षात आलं की आयसीयूत इटोमिडेटच्या ड्रिपवर झोपवलेल्या जखमी रुग्णांत मृत्यू जास्त होत आहेत. तेव्हापासून त्याची सतत ड्रिप देणं बंद झालं. सुरुवातीला एकदाच द्यायचं की नाही, हे रुग्णाच्या हृदयाची ताकद पाहून ठरतं. हे सगळं तुम्हाला पाठ करायची गरज नाही. इतकंच लक्षात घ्या की शिरेतल्या भुलीचे चयापचयावर परिणाम आहेत, ते आम्हाला ठाऊक आहेत, आणि कोणतं औषध कोणाला, किती, किती वेळ, हे त्यावरूनच ठरतं.

गॅसचा आग्रह धरू नका. माझं मत स्पष्ट आहे. साखरेच्या बाबतीत तर त्यातून काही साधणार नाही, कारण सेवोफ्लुरेन, आयसोफ्लुरेन हे वायू स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणंच कमी करतात. बराच काळ असं मानलं जायचं की हे वायू हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडण्याच्या वेळेसाठी आधीच तयार करतात, म्हणून बायपासला तेच चांगले. मीही कित्येक वर्षं त्याच विचारानं गॅस वापरत होते. मग २०१९ मध्ये ‘मिरियाड’ नावाचा मोठा अभ्यास आला: १३ देशांतले, ठरवून बायपास करायचे ५४०० रुग्ण, निम्म्यांना गॅस, निम्म्यांना पूर्ण शिरेतली भूल. वर्षभरानंतर मृत्यूचं प्रमाण गॅसच्या गटात २.८ टक्के, शिरेतल्या भुलीच्या गटात ३.० टक्के. म्हणजे म्हणावा असा फरक नाही. तो निकाल वाचल्यावर मी हा वाद मनातून काढून टाकला. तुमच्या भूलतज्ज्ञांचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे, ती त्यांना वापरू द्या. घरच्यांच्या आग्रहाखातर, सवय नसलेल्या पद्धतीनं कोणी भूल द्यावी, असं मला माझ्या माणसासाठी कधीच वाटलं नसतं.

शिरेतल्या भुलीबद्दल आणखी एक भीती लोक बोलून दाखवत नाहीत: मध्येच जाग आली तर? गॅस श्वासातून मोजता येतो, शिरेतल्या औषधाची रक्तातली पातळी तशी समोर दिसत नाही. म्हणून कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून झोपेची खोली पाहतात. बीआयएस नावाच्या यंत्रात हा आकडा ४० ते ६० च्या दरम्यान ठेवतात. तुम्ही विचारू शकता, ‘झोपेची खोली पाहणारं यंत्र लावणार ना?’

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं थोडक्यात. साधारणपणे घन अन्न ६ तास आणि स्वच्छ पाणी २ तास आधी बंद असतं. पण जुन्या मधुमेहात पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून बाबांना वेगळी वेळ सांगतील तीच पाळा. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं आणि बाबा बराच वेळ उपाशी राहिले, तर नर्सला आठवण करा: ‘यांची साखर आणि कीटोन पाहता का?’

नंतरच्या दिवसांत साखरेइतकंच स्नायूंकडे लक्ष हवं. ज्या अंतःस्रावांनी साखर वाढवली, तेच स्नायूंतली प्रथिनं मोडतात. आठवड्याभरात मांड्या सैल पडलेल्या दिसतात, उठून बसतानाही हात टेकावे लागतात. भूक मेलेली असते, तोंडाला चव नसते. अशा वेळी ‘मधुमेह आहे, कमी खा’ असं कोणी म्हणेल. ते ऐकू नका. प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ग्रॅम किंवा त्याहून थोडी जास्त लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा डॉक्टरच ठरवतील. साखर वाढली तर औषध वाढवता येतं, गेलेला स्नायू मात्र महिनोन्महिने परत येत नाही. आणि बंद केलेली डापाग्लिफ्लोझिन पुन्हा कधी सुरू करायची, हे घरी जाताना लेखी घ्या. बाबा नीट जेवायला लागेपर्यंत ती सुरू करत नाहीत.

आता शेवटचं, जे तुम्ही विचारलंच नाहीत. बाबांना काही सांगितलेलं नाही, असं लिहिलंत. ताई, माझ्यासमोर ऑपरेशनच्या सकाळी असे अनेक बाबा येऊन झोपले आहेत. ज्यांना घरच्यांनी काही सांगितलेलं नव्हतं, ते बहुतेक जण सगळं ओळखून असायचे, फक्त मुलांना घोर नको म्हणून गप्प राहायचे. मी हात धरला की हळूच विचारायचे, ‘डॉक्टर, माझी मुलगी बाहेर आहे ना?’ शिवाय यात एक व्यवहाराचा मुद्दा आहे. बाबा रोज कोणती गोळी खरोखर घेतात, कोणती चुकवतात, कोणती कुणाच्या सांगण्यावरून वाढवली, हे त्यांच्याखेरीज कुणालाच नक्की माहीत नसतं. तुम्ही लिहिलेली यादी ही डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची यादी. त्यांच्या पोटात काय गेलं, ते तेच सांगू शकतात.

म्हणून आज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसा. गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत घालायला त्यांनाच सांगा, रिकामी झालेलीसुद्धा. भूलतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीला ती पिशवी त्यांच्याच हातात असू द्या. पाकीट एकेक काढून टेबलावर ठेवताना, ‘ही मी सकाळी घेतो, ही रात्री, आणि ही मी गेले दोन महिने घेतच नाहीये,’ हे त्यांच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही शेजारी बसून फक्त लिहून घ्या.